एकदा आजार होऊन गेला किंवा लस घेतली, तर प्रतिकारशक्ती नेमकी किती काळ टिकते?

याचे एकच उत्तर नाही, कारण ते विषाणूगणिक बदलते. गोवराचे उदाहरण फार बोलके आहे: १८४६ साली उत्तर अटलांटिक महासागरातील फेरो बेटांवर गोवराची मोठी साथ आली, तेव्हा पीटर पानुम या तरुण डॅनिश डॉक्टरांना असे आढळले की १७८१ च्या साथीत गोवर होऊन गेलेल्या वृद्धांपैकी एकालाही तो पुन्हा झाला नाही, म्हणजे तब्बल ६५ वर्षांनंतरही संरक्षण शाबूत होते.

हे घडते, कारण अस्थिमज्जेत ठाण मांडून बसलेल्या काही पेशी वर्षानुवर्षे प्रतिपिंडे (अँटिबॉडीज, म्हणजे विषाणूला रोखणारी प्रथिने) तयार करत राहतात आणि स्मृतिपेशी जुना शत्रू ओळखतात. शिवाय गोवराचा विषाणू आपले रूप फारसे पालटत नाही. फ्लूचा विषाणू मात्र सतत बदलतो, म्हणून त्याची लस दरवर्षी घ्यावी लागते. कोविडमध्येही पुन्हा संसर्ग होण्यापासूनचे संरक्षण काही महिन्यांत घटते, पण गंभीर आजारापासूनचे संरक्षण त्याहून बरेच अधिक टिकते, आणि माझ्या मते खरे महत्त्व त्यालाच आहे. त्यामुळे केवळ प्रतिपिंडांच्या चाचणीतला आकडा उतरला म्हणून कृपया घाबरून जाऊ नका. स्मृतिपेशी त्या चाचणीत दिसत नाहीत.