वाचकांचे प्रश्न : पहिले रुग्ण दगावले, तरी अस्थिमज्जेचे संशोधन का थांबले नाही?

प्रश्न : माझ्या भाच्याला थॅलेसेमिया (शरीरात निरोगी रक्त पुरेसे तयार न होण्याचा आनुवंशिक आजार) आहे. त्याच्या धाकट्या बहिणीची अस्थिमज्जा (हाडांच्या पोकळीतला, रक्त तयार करणारा मऊ भाग) जुळत असल्याने डॉक्टरांनी प्रत्यारोपण सुचवले आहे. या उपचाराबद्दल ज्यांना नोबेल मिळाले, त्या डॉ. थॉमस यांचे सुरुवातीचे रुग्ण वाचले नव्हते, असे वाचनात आले. मग हे संशोधन पुढे चालू ठेवणे योग्य कसे ठरले? शिवाय मज्जा काढताना मुलीच्या मणक्याला इजा होईल, अशी तिच्या आजीला भीती वाटते. ती खरी आहे का?
– एक वाचक, मिरज

उत्तर : आपण वाचलेत ते खरे आहे. टेक्सासमधील एका खेडवळ गावच्या डॉक्टरांचे चिरंजीव असलेल्या एडवर्ड डॉनल थॉमस यांनी १९५७ साली सहा रुग्णांच्या शिरेतून दुसऱ्यांची अस्थिमज्जा सोडल्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांपैकी कोणीही फार काळ जगले नव्हते. रक्ताच्या कर्करोगासारख्या ज्या आजारांवर हे प्रयत्न होत होते, त्यांवर त्या काळी दुसरा खात्रीचा इलाज नव्हता, हे लक्षात घेतल्याशिवाय त्या धाडसाचा न्याय करता येणार नाही. मार्ग अगदीच अंधारातला होता, असेही नाही. किरणोत्साराने मज्जा नष्ट झालेले उंदीर निरोगी मज्जा दिल्यास वाचतात, हे अणुबाँबनंतरच्या संशोधनातून सिद्ध झाले होते. आणि एकसारख्या जुळ्या भावंडांत दिलेली मज्जा माणसातही रुजते, हे थॉमस यांनी स्वतः पाहिले होते.

अडचण होती ती जुळे नसलेल्यांची. एक तर रुग्णाचे शरीर परकी मज्जा नाकारी, नाही तर रुजलेल्या मज्जेतील पेशीच रुग्णाची त्वचा, यकृत आणि आतडी यांवर हल्ला चढवीत. अनेक संशोधकांनी त्या दशकात या विषयाकडे पाठ फिरवली. थॉमस यांनी मात्र रुग्णांवरील असे प्रयत्न बाजूला ठेवले आणि अनेक वर्षे कुत्र्यांवर प्रयोग केले. माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीतला सर्वांत मोठा निर्णय तोच. कुत्रीला एका वेळी अनेक पिल्ले होत असल्याने कोणत्या भावंडांची मज्जा एकमेकांना चालते, हे तपासता येई. ऊतींची (शरीरातील पेशीसमूहांची) जुळणी आधी करून घेतली आणि नंतर मेथोट्रेक्सेट हे प्रतिकारशक्ती दाबणारे औषध दिले, तर बरीच कुत्री वाचतात, हे तेथे दिसून आले. याच सुमारास फ्रान्समधील जाँ दोसे आणि इतरांच्या कामामुळे माणसांतील ऊतिगटांचे ज्ञानही वाढत गेले. त्यानंतरच, १९६९ मध्ये, अमेरिकेतील सिअॅटलमध्ये थॉमस यांच्या गटाने जुळणाऱ्या भावंडाची मज्जा रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णाला दिली.

तरीही यश एकदम आले नाही. १९७७ साली त्यांनी शंभर रुग्णांचा हिशेब मांडला. इतर सर्व उपचार हरल्यावर आलेल्या या शंभरांपैकी तेरा जण एक ते साडेचार वर्षांनंतरही आजारमुक्त होते. सत्त्याऐंशी जणांचे अपयशही त्याच कागदावर नोंदलेले होते, म्हणून तर रोग इतका बळावण्याआधीच प्रत्यारोपण करावे, हे पुढचे पाऊल सुचले. या सगळ्या कामात त्यांच्या पत्नी डॉटी प्रयोगशाळेपासून शोधनिबंधांच्या संपादनापर्यंत सर्वत्र होत्या, पण १९९० च्या नोबेलवर (मूत्रपिंड प्रत्यारोपणाचे जोसेफ मरे त्यात वाटेकरी होते) त्यांचे नाव नाही. ही उणीव मला नेहमीच खटकते.

आपल्याकडेही या कामाचा धागा थेट पोहोचला. सिअॅटलला प्रशिक्षण घेतलेले डॉ. सुरेश अडवाणी यांनी १९८३ साली मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात भारतातले पहिले अस्थिमज्जा प्रत्यारोपण केले. लहानपणीच्या पोलिओमुळे ते चाकाच्या खुर्चीवरून काम करीत.

आता आपल्या भाच्याविषयी. थॉमस यांच्या गटाने थॅलेसेमियाच्या बालकावरील यशस्वी प्रत्यारोपण १९८२ साली प्रसिद्ध केले. पुढे इटलीतील पेझारो येथे गुइडो लुकारेल्ली यांनी शेकडो मुलांवर हा उपचार करून, यकृत वाढलेले नसणे, त्यात व्रण नसणे आणि वारंवार रक्त घेतल्याने शरीरात साठणारे जादा लोह काढण्याची औषधे नियमित घेतलेली असणे, या तीन गोष्टींवर निकाल बराच अवलंबून असतो, हे दाखवले. सख्ख्या भावंडाची जुळणी होण्याची शक्यता प्रत्येक वेळी चारात एक इतकीच असते, त्यामुळे बहीण जुळली, ही मोठीच गोष्ट आहे. भाच्याच्या यकृताची आणि लोहाची स्थिती काय आहे, हे डॉक्टरांना अवश्य विचारा.

आजींना सांगा, की मज्जा मणक्यातून काढत नाहीत. मुलीला भूल देऊन कमरेच्या हाडाच्या मागील कडेतून ती सुईने शोषून घेतात. काही दिवस कंबर दुखते. काढलेली मज्जा काही आठवड्यांत शरीर पुन्हा तयार करते. भाच्याला ती रक्ताच्या पिशवीसारखीच शिरेतून दिली जाते, आणि तिच्यातील रक्त घडवणाऱ्या मूळपेशी हाडांपर्यंतची वाट स्वतःच शोधतात. भाच्याचा खरा कठीण काळ त्यानंतरच्या काही आठवड्यांचा, जंतुसंसर्गाचा असतो. तेव्हा घरच्यांनी रुग्णालयापासून जवळ राहण्याची सोय आधीच करून ठेवावी.