'ए' की 'द'? मुलाला यादी पाठ करायला लावू नका

तुम्ही विचारलंय की मुलगा आठवीत आहे, सेमी-इंग्लिशला, इंग्रजीत नामाआधी 'ए' कुठे आणि 'द' कुठे हे त्याला काही केल्या जमत नाही, तर सगळे नियम लिहून द्या. नियमांची यादी मी देणार नाही. ती गाइडमध्ये आहेच, आणि तीच पाठ करून तो अडकलाय.

त्यातला सगळ्यात वाईट नियम म्हणजे 'पहिल्यांदा उल्लेख आला की ए, दुसऱ्यांदा द'. तुम्ही आतून ओरडता, 'गॅस बंद कर रे!' गॅसचं नाव दिवसभरात पहिल्यांदाच निघालंय, तरी इंग्रजीत तिथे 'द गॅस'च येणार, कारण कोणता गॅस हे पोराला विचारावं लागत नाही. बघायचं ते एवढंच. ऐकणाऱ्याला 'कोणता?' हा प्रश्न पडणार नसेल तर 'द'. पडणार असेल, किंवा कोणताही चालणार असेल, आणि मोजता येणारी एकच वस्तू असेल, तर 'ए'.

मराठीत 'ए', 'द' अशी आर्टिकल नाहीत म्हणून आपल्या मुलांच्या डोक्यात हे शिरत नाही, असं म्हणणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. ठाणे स्टेशनवर कुणी 'गाडी आली' म्हटलं की ती आपण वाट बघत असलेलीच गाडी. 'एक गाडी गेली' म्हणजे कुठलीतरी. 'मुलगी बघायला गेले' आणि 'मुलीला बघायला गेले' यातला फरक आपल्याकडे कुणाला शिकवावा लागतो का?

आमच्या वर्तकनगरच्या सोसायटीत शेजारीशेजारी दोन लिफ्ट आहेत. एकीचं काम निघालं. सेक्रेटरींनी नोटीस लिहिली, 'द लिफ्ट विल बी क्लोज्ड ऑन संडे.' मी तेव्हा कमिटीत होते. म्हटलं, अहो, लिफ्ट दोन आहेत, लोकांना वाटेल लिफ्टच बंद. 'वन ऑफ द टू लिफ्ट्स' करा आणि कोणती तेही लिहा. तर म्हणाले, 'मॅडम, मी कॉन्व्हेंटचा आहे. मराठी मीडियमवाल्यांनी मला ग्रामर शिकवू नये.' नोटीस तशीच लागली. अकराव्या मजल्यावरच्या आजी, गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या, कळव्याला पणतीच्या बारशाला जायच्या होत्या. नोटीस वाचून घरीच बसल्या. दुसरी लिफ्ट दिवसभर चालू होती! मीटिंगमध्ये मी विषय काढला तर 'टायपिंग मिस्टेक' म्हणून मोकळे झाले.

ती टायपिंगची चूक नव्हती. कोणती लिफ्ट हे त्यांना स्वतःला माहीत होतं, म्हणून 'द' आला. पण लिहिणाऱ्याला काय ठाऊक आहे यावर 'द' लागत नाही, वाचणाऱ्याला काय ठाऊक आहे यावर लागतो. कॉन्व्हेंटमध्ये शिकून हे आपोआप येत नाही. समोरच्याचा विचार करणाऱ्याला येतं, मग तो कुठल्याही मीडियमचा असो. मुलाला हे सांगाच.

'ए' आणि 'अ‍ॅन'चं सोपं आहे, स्पेलिंग बघायचं नाही, कानाला काय ऐकू येतं ते बघायचं. ठाण्याची 'ए टीएमटी बस', नवी मुंबईची 'अ‍ॅन एनएमएमटी बस'. 'ए युनिव्हर्सिटी', पण 'अ‍ॅन अवर'.

आता एक मान्य करते, विशेषनामांना माझी युक्ती पुरत नाही. नदीला 'द उल्हास', तलावाला नुसतं 'उपवन लेक'. 'द ईस्टर्न एक्स्प्रेस हायवे', पण 'घोडबंदर रोड'ला काही नाही. एवढं मात्र पाठच करावं लागतं. शिवाय पेशंट अ‍ॅडमिट असेल तर ब्रिटिश 'इन हॉस्पिटल' म्हणतात, अमेरिकन 'इन द हॉस्पिटल'. दोन्ही बरोबर, पण परीक्षेत पुस्तकात असेल तेच लिहू दे.

आणि तुमच्याही बिल्डिंगमध्ये दोन लिफ्ट असतील तर नोटीस मराठीत लावायला सांगा: 'डावीकडची लिफ्ट रविवारी बंद, उजवीकडची चालू.' आमच्याकडे आता मी तशीच लावून घेते.