नाशिकमध्ये फ्लेक्स-पत्रिकांच्या डिझाइनसाठी कोणता लॅपटॉप घ्यावा?

मॉडेलच्या आधी स्क्रीन बघा. स्पेसिफिकेशनमध्ये '४५% एनटीएससी' (स्क्रीन किती रंग दाखवते त्याचं माप) लिहिलं असेल तर तो लॅपटॉप सोडा. त्यावर भगवा आणि लाल फिके दिसतात, तुम्ही ते गडद करत जाता आणि छापून आल्यावर गिऱ्हाईक भांडतं. आयपीएस पॅनल (बाजूने बघितलं तरी रंग न बदलणारी स्क्रीन), १००% एसआरजीबी (हेही रंगांचंच माप) एवढं हवंच.

मग रॅम. १० बाय २० फुटांचा फ्लेक्स फोटोशॉपमध्ये ७२ डीपीआयला (इंचाला ७२ ठिपके), सीएमवायकेमध्ये (छपाईचे चार रंग) उघडला की एक भरलेला लेअरच सुमारे ६०० एमबी खातो. सिंहस्थाच्या बॅनरवर असे दहा लेअर सहज होतात. म्हणजे ८ जीबी विसरा. १६ घ्या आणि एक स्लॉट रिकामा आहे का ते विचारा; बोर्डावरच सोल्डर केलेली रॅम नंतर वाढवता येत नाही.

एसएसडी ५१२ जीबी, त्यातली शंभरेक जीबी मोकळी ठेवा, फोटोशॉपला स्क्रॅच डिस्क (रॅम कमी पडली की वापरायची तात्पुरती जागा) लागते. ग्राफिक्स कार्ड? कोरल, इलस्ट्रेटरसाठी त्यावर पैसे घालू नका. थ्रीडी किंवा व्हिडिओ करत असाल तरच.

एम.जी. रोडवर घ्यायला जाताना जुनी छापील पत्रिका आणि तिचीच फाइल पेनड्राइव्हवर न्या. दोन्ही शेजारी धरून बघा.