काम सोडून गेलेल्यांचं काय झालं?

सप्रेम नमस्कार,

तुझ्या आढाव्याचा, म्हणजे आजवरच्या अभ्यासांच्या पद्धतशीर छाननीचा, आराखडा वाचला. ‘कामाच्या जागचे विषारी पदार्थ आणि त्यातून होणारे आजार’ एवढा पसारा एका आढाव्यात मावणार नाही. शिसं, बेंझीन, ॲस्बेस्टॉस यांच्या मोजण्याच्या रीती वेगळ्या, आजार वेगळे, पुराव्यातल्या खाचाखोचाही वेगळ्या. एकच पदार्थ घे. सिलिकाची धूळ घ्यावी असा माझा आग्रह आहे. खडी क्रशर, दगडखाणी, फाउंड्री, काच आणि चिनी मातीचे कारखाने, खंबातचं अकीक घासण्याचं काम, मंदसौरच्या पाटीवरच्या पेन्सिली, असे कितीतरी धंदे आपल्या देशात या धुळीत चालतात. असल्या कामगारांसाठी नीट लिहिलेला आढावा फार मोलाचा आहे.

आधी प्रश्न धारदार कर. ‘सिलिकामुळे सिलिकोसिस होतो का?’ हे विचारण्यात अर्थ नाही, कारण फुप्फुसांचा हा आजार त्या धुळीवाचून होतच नाही. विचारायचं ते असं: दर घनमीटर हवेत किती श्वसनीय (फुप्फुसात खोलवर पोचण्याइतकी बारीक) स्फटिकी सिलिका, किती वर्षं, आणि त्यानंतर किती वर्षांत किती जणांना? त्यातलं ‘त्यानंतर’ सर्वांत महत्त्वाचं. बहुतेक आढावे तिथेच घसरतात.

दोन अभ्यास शेजारी ठेवून वाच. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेला, कॅनडातल्या ओंटारिओच्या खाणकामगारांचा अभ्यास: २,१०९ माणसं, सिलिकोसिसचे ३२ रुग्ण. १९९३ मधला, दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणींतल्या गोऱ्या कामगारांचा: २,२३५ माणसं, ३१३ रुग्ण. धुळीची एकूण मात्रा जुळवून पाहिली तरी दोघांनी सांगितलेल्या धोक्यात कित्येक पटींचं अंतर राहतं. ओंटारिओत माणूस धुळीच्या कामातून बाहेर पडला की त्याची नोंद तिथेच थांबत होती. दक्षिण आफ्रिकेत काम सोडल्यानंतरही एक्स-रे तपासले गेले, आणि रुग्णांपैकी ५७ टक्के जणांच्या फुप्फुसांवर खुणा दिसल्या त्या खाण सोडल्यावर, सरासरी ७.४ वर्षांनी. फुप्फुसात रुतलेले कण नोकरी सुटली म्हणून निघून जात नाहीत. दक्षिण आफ्रिकेच्या आकड्यांत धुळीतलं क्वार्ट्झचं (स्फटिकी सिलिकेच्या नेहमीच्या रूपाचं) प्रमाण कमी धरलं गेलं, असा आक्षेप नंतर घेतला गेला. तो वजनदार आहे आणि तोही लिहायला हवा. पण सगळं अंतर त्यानं भरून निघत नाही.

म्हणून प्रत्येक अभ्यासातली माहिती टिपण्याच्या तुझ्या पत्रकात ‘काम सोडल्यानंतरचा पाठपुरावा: आहे की नाही, किती वर्षं, किती जण हरवले’ असा स्वतंत्र रकाना हवाच. एकाच दिवशी कारखान्यात हजर असलेल्यांची तपासणी करून काढलेलं प्रमाण म्हणजे अजून उभं राहून काम करू शकणाऱ्यांचं प्रमाण. धाप लागलेला माणूस त्याआधीच गावी गेलेला असतो. गोध्र्याच्या क्वार्ट्झ दळणाऱ्या कारखान्यांत अलीराजपूर, झाबुआ, धार इथले आदिवासी मजूर जात आणि आजार घेऊन मध्य प्रदेशात परतत. सर्वोच्च न्यायालयानं २०१६ मध्ये अशा २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी ३ लाख रुपये देण्याचा आदेश दिला. गोध्र्यात फक्त हजेरीपटावरच्या कामगारांची तपासणी केली असती, तर ही माणसं कुठल्याच तक्त्यात आली नसती. स्थलांतरित मजुरांवरचा एखादा अभ्यास ‘प्रमाण कमी आढळलं’ म्हणत असेल, तर आधी हजेरीपट कुठल्या महिन्याचा होता ते पाहा.

दुसरी अडचण निदानाची. आयएलओच्या (आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या) वर्गीकरणात एक्स-रेवरच्या बारीक ठिपक्यांची दाटी ०/- पासून ३/+ पर्यंत बारा पायऱ्यांत मोजतात. कुणी १/० पासून रुग्ण धरतं, कुणी त्याच्या वरच्या पायरीपासून, १/१ पासून. हे दोन आकडे एका सरासरीत घालू नकोस. एक्स-रे किती जणांनी वाचले, त्यांना कामगाराचं काम आधीच माहीत होतं का, मतभेद कसे मिटवले, हेही टिपून ठेव. दक्षिण आफ्रिकेतच ५५७ कामगारांचे एक्स-रे शवविच्छेदनाशी ताडून पाहिले गेले. १/१ ही सीमा धरली तेव्हा तिघा वाचकांपैकी कुणालाही प्रत्यक्ष सिलिकोसिस असलेल्यांतले ४० टक्केही सापडले नाहीत. उलट, ज्यांना आजार नव्हता त्यांना चुकून रुग्ण ठरवण्याचं प्रमाण अगदी थोडं होतं. म्हणजे निव्वळ एक्स-रेवर बेतलेला अभ्यास धोका कमीच दाखवतो. आपल्याकडे यात क्षयाची भर पडते. सिलिका क्षयाचा धोका वाढवते आणि सिलिकोसिसचे ठिपके मिलिअरी (बारीक दाण्यांसारख्या पसरलेल्या) क्षयासारखे दिसतात, त्यामुळे कित्येकांच्या केसपेपरवर फक्त क्षय लिहिलेला असतो. क्षयरुग्ण वगळणाऱ्या अभ्यासानं वगळलेल्यांची संख्या दिली आहे का ते शोध. नसेल तर ती उणीव पहिल्या दर्जाची मान.

आता धूळ मोजण्याबद्दल. इथे घाई करू नकोस. नायलॉनच्या सायक्लोनमधून (जाड कण वेगळे काढणाऱ्या नळकांड्यातून) मिनिटाला १.७ लिटर हवा ओढणारा पंप ८ तास चालला, तर ०.८१६ घनमीटर हवा गाळली जाते. हवेत दर घनमीटरला ५० मायक्रोग्रॅम सिलिका असेल, तर फिल्टरवर जेमतेम ४१ मायक्रोग्रॅम बसते. तोच पंप तासभरच चालवला तर ५ मायक्रोग्रॅम, म्हणजे फिल्टरवरची सिलिका ओळखणाऱ्या एक्स-रे डिफ्रॅक्शन या तपासणीच्या पकडीच्या अगदी काठावर. अशा अभ्यासातलं ‘सिलिका आढळली नाही’ हे वाक्य निष्पाप नसतं. पंपाचा वेग कमी पडला तर सायक्लोनमधून जाड कणही फिल्टरवर येतात आणि आकडा फुगतो. इन्फ्रारेडनं तपासणी केली असेल तर केओलिनसारखी खनिजं अडथळा आणतात, तेव्हा ती कशी वजा केली हे पाहा. जुन्या अभ्यासांत दर घनफुटात किती दशलक्ष कण, अशी मोजणी असते. तिचं मिलिग्रॅममध्ये रूपांतर कुठल्या गुणकानं केलं आणि तो गुणक त्याच खाणीत तपासला होता का, ही माहिती नसेल तर त्या अभ्यासाला मात्रेच्या आलेखात जागा देऊ नकोस, वर्णनात दे.

‘मर्यादेच्या आत’ हे शब्द दिसले की मर्यादा कुठली ते विचार. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात श्वसनीय धुळीसाठी १० भागिले (क्वार्ट्झची टक्केवारी अधिक २) असं सूत्र होतं. धुळीत २० टक्के क्वार्ट्झ असेल तर दर घनमीटरला ०.४५ मिलिग्रॅम धूळ, म्हणजे सुमारे ९१ मायक्रोग्रॅम क्वार्ट्झ चालत असे. अमेरिकेच्या ओशानं (कामगार सुरक्षेच्या सरकारी यंत्रणेनं) २०१६ मध्ये ५० मायक्रोग्रॅमची मर्यादा घातली. दोन्हीकडचे ‘सुरक्षित’ कामगार एकाच गटात घालता येत नाहीत.

बाकीचं थोडक्यात. शोध सुरू करण्याआधी आराखडा प्रॉस्पेरोवर, म्हणजे आढाव्यांच्या आंतरराष्ट्रीय नोंदवहीत, नोंदव. अभ्यासांची निवड दोघांनी स्वतंत्रपणे करावी. पबमेड आणि एम्बेस या निबंधांच्या सूचींवर थांबू नकोस. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेचे अहवालही चाळ. एकाच कोहॉर्टवर (वर्षानुवर्षं पाठपुरावा केलेल्या गटावर) अनेक निबंध निघतात, व्हरमाँटचे ग्रॅनाइट कामगार किंवा चीनमधले टंगस्टन आणि कथिलाचे खाणकामगार ही त्याची उदाहरणं. तीच माणसं दोनदा मोजली जाऊ देऊ नकोस. फुप्फुसाचा कर्करोग घेणार असशील (सिलिकाला आयएआरसी या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं १९९७ मध्येच पहिल्या गटात, म्हणजे माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांत, टाकलं), तर धूम्रपानाच्या रकान्यात बिडी वेगळी मोजली आहे का ते बघ. कृत्रिम दगडाच्या ओट्यांचं कटिंग करणाऱ्यांचे अभ्यास मात्र वेगळे ठेव: त्या दगडात ९० टक्क्यांहून जास्त सिलिका असू शकते, आजार थोड्या वर्षांत बळावतो, आणि ऑस्ट्रेलियानं १ जुलै २०२४ पासून त्यावर बंदी घातली आहे. खाणींचे आलेख तिथे लागू पडत नाहीत.

गुणांची बेरीज करून अभ्यासांना दर्जा देणारी मोजपट्टी वापरू नकोस. पाठपुरावा नाही ही उणीव ‘लोकसंख्या नीट वर्णिली’ या गुणानं भरून निघत नाही. दर उणिवेपुढे तिची दिशा लिही: यामुळे धोका कमी दिसतो की जास्त? सिलिकोसिसच्या बहुतेक अभ्यासांत बाण एकाच बाजूला वळलेले दिसतील. तसं झालं तर निष्कर्षात मोघम ‘आणखी संशोधनाची गरज आहे’ न लिहिता, ‘खरा धोका या आकड्यापेक्षा जास्त असण्याची शक्यता आहे, कारण...’ असं लिहून कारणं मोजून दे.

पहिल्या दहा अभ्यासांचं पत्रक दोघांनी वेगवेगळं भरून झालं की दोन्ही प्रती पाठव. जिथे तुमची उत्तरं जुळणार नाहीत, ते रकाने आधी दुरुस्त करू आणि मगच पुढचे अभ्यास हाती घेऊ.