दुरुस्तीचा जुना ट्रॅक्टर घेऊन पस्तावलो आहे. ठेवावा की विकावा?

आपण लिहिले आहे की 2004 सालचा चार सिलिंडरचा ट्रॅक्टर घेतल्यावर महिन्याभरातच तो निळा धूर सोडू लागला, लिफ्ट नांगर धरून ठेवत नाही, आणि मिस्त्रीने इंजिन खोलायला सांगितल्यापासून तो मिळेल त्या किमतीला काढून टाकावासा वाटतो. मी ट्रॅक्टर दुरुस्तीच्याच व्यवसायात आहे आणि माझी आपणास कळकळीची विनंती आहे की एवढ्यावरून तो विकू नका.

निळा धूर म्हणजे इंजिन ऑईल जळत आहे. बहुधा लायनर (ज्यात पिस्टन वर-खाली होतो ती सिलिंडरमधील नळी), पिस्टन आणि त्यावरच्या रिंगा झिजलेल्या असतात; हे काम ऐकायला मोठे वाटले तरी बहुतेक ट्रॅक्टरांत जुना लायनर काढून नवा बसवता येतो, ब्लॉक बाद होत नाही, आणि खर्चाचा अंदाज आधी मिळतो. नांगर उचलून इंजिन बंद केल्यावर तो हळूहळू खाली येत असेल, तर प्रथम लिफ्टच्या सिलिंडरमधील सील पाहून घ्यावे. मला खरी काळजी वाटते ती गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलची (मागच्या दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरांची), ज्यांविषयी आपण काहीच लिहिलेले नाही. इंजिनाला हात लावण्यापूर्वी ट्रॅक्टर चालवून गिअरचे ऑईल गरम होऊ द्या, मागचा ड्रेन प्लग (ऑईल काढण्याचे खालचे बूच) सैल करून थोडे ऑईल पांढऱ्या फडक्यावर घ्या आणि उन्हात पाहा. बारीक करडी भुकटी एवढ्या जुन्या यंत्रात चालून जाते; पण बोटाला टोचणाऱ्या लोखंडाच्या कपच्या निघाल्या, तर आत गिअरचे दात तुटत आहेत असे समजावे, आणि तो खर्च धरूनही परवडत असेल तरच इंजिन खोलावे.

आपण कंपनीचे नाव दिलेले नाही. एचएमटीसारखा ट्रॅक्टर असेल, ज्याचा पिंजोरचा कारखाना बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने 2016 मध्ये घेतला, तर लागणारे सुटे भाग हातात आल्याशिवाय एकही बोल्ट काढू देऊ नका.

कागदपत्रांचे काय झाले, हेही कळवा. शेतीच्या ट्रॅक्टरची नोंदणी 15 वर्षांची असते आणि पुढे पाच-पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते, म्हणजे आपल्या ट्रॅक्टरची पहिली मुदत 2019 मध्येच संपली आहे. आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) बँकेचा बोजा आहे का, तेही पाहा. नावावर करण्यासाठी फॉर्म 29 आणि 30 वर मूळ मालकाच्या सह्या लागतात. तो टाळाटाळ करत असेल तर त्याला शांतपणे समजावून सांगा की आरसीवर त्याचे नाव आहे तोवर अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावरही येऊ शकते. हे झाल्याशिवाय दुरुस्तीवर मोठी रक्कम घालू नये, कारण उद्या विकायचे ठरले तरी कागदांवाचून भाव मिळत नाही.

इंजिन उघडलेच, तर नोझल (सिलिंडरमध्ये डिझेलचा फवारा मारणारा भाग) आणि डिझेल पंपही त्याच वेळी तपासून घ्या, आणि बदललेले जुने भाग मिस्त्रीकडून परत मागून घ्या. रंग आणि नवे टायर यंदा राहू द्यावेत.