जुन्या पडद्यापाशी: ‘आधी बीज एकले’ गाथेत सापडत नाही हो ताई!

मागच्या अंकात तुमच्या आवडीच्या जुन्या मराठी सिनेमांबद्दल काय विचारायचं ते विचारा म्हणलं होतं, मला वाटलं चार-सहा जण लिहितील, तर पत्रं, मेल, व्हॉट्सॲप सगळं धरून ढीग झाला. सगळ्यांना उत्तरं देणं शक्य नाही, ज्यांचं राहिलं त्यांनी रुसू नका. आणि आधीच सांगते, मी काही अभ्यासक वगैरे नाही, आईच्या मांडीवर बसून दूरदर्शनवर सिनेमे बघत मोठी झालेली बाई आहे, त्यामुळे आवडीनिवडी माझ्याच.

ताई, मी रिटायर्ड माणूस, रोज गाथा वाचतो. ‘संत तुकाराम’ सिनेमातला ‘आधी बीज एकले’ हा अभंग मला फार आवडतो पण दोन वेगवेगळ्या गाथा पालथ्या घातल्या तरी सापडेना. अभंगाचा क्रमांक कळवाल का? (एक वारकरी वाचक, आळंदी)

काका, क्रमांक कसा कळवू, तो अभंग तुकोबांचा नाहीच! शांताराम आठवले यांनी १९३६ साली त्या सिनेमासाठी लिहिलाय तो. चाल केशवराव भोळ्यांची. तुम्ही एकटे फसला नाहीत, भल्याभल्यांना तो तुकोबांचाच वाटतो, अजूनही कीर्तनात ‘तुका म्हणे’च्या रांगेत तो येऊन बसतो आणि कुणाला खटकत पण नाही. एखाद्या कवीला याच्याहून मोठी पावती काय मिळणार, पण त्यात आठवल्यांचं नाव मात्र मागे पडलं याचं मला वाईट वाटतं, म्हणून जो भेटेल त्याला मी हे सांगत सुटते.

आता विषय निघालाच आहे तर थोडं जास्त बोलते. दामले-फत्तेलाल या दिग्दर्शक जोडीचा हा सिनेमा, प्रभात फिल्म कंपनीचा, पुण्यात ज्या जागेत आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे तिथे तयार झालेला. १९३७ ला व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा खास गौरव झाला हे सगळे सांगतात. तुकोबा झालेले विष्णुपंत पागनीस आधी नाटकात स्त्रीपार्ट करायचे हेही बऱ्याच जणांना माहीत असतं. पण काका, पुढच्या वेळी बघाल तेव्हा तुकोबांकडे बघूच नका, जिजाईकडे बघा. गौरी नावाच्या नटीने केलंय ते काम. पोरगं आजारी पडतं आणि नवरा आपला विठ्ठल विठ्ठल करत बसलाय, तर ही बाई पोराला घेऊन तरातरा देवळात जाते, पायातली वहाण हातात घेते आणि विठोबाच्या मूर्तीपुढे उभी राहून त्याला असं काही झापते की बस! म्हणजे विचार करा, संतपट आहे, १९३६ साल आहे आणि पडद्यावर एक बाई देवावर वहाण उगारतेय, आणि थेटरात बसलेल्या एकाही भाविकाला ते पाप वाटत नाही कारण प्रत्येकाच्या घरात अशी एक जिजाई होतीच. माझी आई हा सीन आला की कणिक मळायची थांबायची, हात तसेच परातीत ठेवून बघायची. आणि शेवटी तुकोबा वैकुंठाला चल म्हणतात तेव्हासुद्धा हिचं आपलं घरातलं काम चालूच. पागनीस उत्तमच आहेत, वाद नाही, पण सिनेमा जमिनीवर कुणी ठेवला असेल तर गौरीने. एवढं बोलून थांबते, नाहीतर अख्खा अंक यातच जाईल.

ताई, आमच्या घरी भांडण लागलंय. माझं म्हणणं ‘अशी ही बनवाबनवी’ क्लासिक आहे, बाबा म्हणतात क्लासिक म्हणजे ब्लॅक अँड व्हाइट. निकाल द्या! (बारावीतला वाचक, जळगाव)

निकाल तुझ्या बाजूने. १९८८ चा सिनेमा आहे, चाळीस वर्षं होत आली, आणि ‘धनंजय माने इथेच राहतात का’ आणि ‘सत्तर रुपये वारले’ हे ज्या घरात कुणी म्हणत नाही असं मराठी घर मला दाखव. पण बाबांना पण एक मुद्दा देऊन ठेवते, म्हणजे जेवायला वाढतील: ती गोष्ट मुळात हृषिकेश मुखर्जींच्या १९६६ च्या ‘बीवी और मकान’वरून घेतलेली आहे. मूळ सिनेमा कुणाला आठवत नाही आणि आपला पाठ आहे, आता बोला.

नमस्कार, आजी सारखी मागे लागते की ‘कुंकू’ बघ. नाव ऐकूनच मला वाटतं की पतीच परमेश्वर टाइप रडारड असणार. खरंच बघू का? (आयटीवाली नात, हिंजवडी)

अगं नाव बघून पळू नकोस, उलटं आहे सगळं! १९३७ चा व्ही. शांताराम बापूंचा सिनेमा, नारायण हरी आपट्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरचा. नीरा नावाची तरुण मुलगी फसवून एका म्हाताऱ्या वकिलाच्या गळ्यात बांधली जाते. ती रडत बसत नाही, ती सरळ सांगते की हे लग्न मला मान्य नाही, आणि त्याच घरात राहून पूर्ण सिनेमाभर ते अमान्य करत राहते. वयात आलेला सावत्र मुलगा तिच्याकडे वाकड्या नजरेने बघतो तर त्याला छडीने फोडून काढते. शांता आपटेने केलीये ही नीरा आणि मध्येच ती लाँगफेलोची इंग्रजी कविता पण गाते, विश्वास नाही बसणार.

म्हातारा नवरा म्हणजे केशवराव दाते, आणि गंमत अशी की त्याला नुसता व्हिलन नाही केलेला. तो मिशांना कलप लावतो, आरशात बघतो, आणि तुला राग यायच्या ऐवजी एका क्षणाला पोटात कालवतं. अजून एक, हेडफोन लावून बघ, कारण या सिनेमात पार्श्वसंगीत म्हणून वेगळं लावलेलंच नाही, सीनमध्ये जे आवाज असतील तेवढेच, त्यामुळे शांतता असली की खरंच शांतता असते आणि घरातलं घड्याळ अंगावर येतं. त्याची विचारी मुलगी झालीये शकुंतला परांजपे, म्हणजे सई परांजपेंची आई, ज्यांनी खऱ्या आयुष्यात पण संततिनियमनाचं केवढं काम केलं.

शांता आपटेबद्दल एक सांगायलाच पाहिजे. १९३९ मध्ये तिचं प्रभातशी वाजलं तेव्हा ही बाई थेट स्टुडिओच्या फाटकापाशी उपोषणाला बसली. त्या काळात, स्टार असताना! पडद्यावरची नीरा काय उगाच जमली नव्हती.

शेवट मी सांगणार नाही. मला स्वतःला तो खूप वर्षं माहीत नव्हता, कारण आमच्या कॉलनीतल्या व्हीसीडीवाल्याकडे जी सीडी होती तिचा दुसरा भाग बरोब्बर एका जागी अडकायचा, फडक्याने पुसा, टूथपेस्ट लावा, काही करा, केशवराव तोंड अर्धं उघडून तिथेच थांबायचे. भाडं मात्र पूर्ण घ्यायचा. आजीजवळ बसून बघ, ती मध्ये मध्ये बोलेल, बोलू दे.

ताई, वडील सांगायचे की ‘सांगत्ये ऐका’ पुण्यात दोन-अडीच वर्षं चालला. ही अतिशयोक्ती ना? (शिक्षिका, फलटण)

नाही हो, खरंय! १९५९ चा अनंत मान्यांचा तमाशापट, पुण्याच्या विजयानंद थेटरात सव्वाशेहून जास्त आठवडे मुक्काम होता त्याचा. अर्धं श्रेय ‘बुगडी माझी सांडली गं’ला द्यावं लागेल, गदिमांचे शब्द, वसंत पवारांची चाल, आशाबाईंचा आवाज आणि पडद्यावर जयश्री गडकर. तुमच्याकडच्या लोकांना तर ते जास्तच जवळचं, साताऱ्याला जाताना सांडली ना बुगडी. लोक एक गाणं बघायला परत तिकीट काढायचे, तेव्हा काय मोबाइल होते का रिवाइंड करायला.

पण मला त्या सिनेमात नटी हंसा वाडकर दिसतात. त्यांनी पुढे आपल्या आत्मचरित्राला हेच नाव दिलं, ‘सांगत्ये ऐका’, आणि त्यात दारू, संसार, फसवणूक सगळं काही न लपवता सांगितलं. त्यावरूनच श्याम बेनेगलांनी १९७७ ला ‘भूमिका’ केला, स्मिता पाटीलचा. सिनेमा बघितलाच आहे तर आता ते पुस्तक वाचा, लायब्ररीत नक्की असेल, एका बैठकीत संपतं आणि मग दोन दिवस डोक्यातून जात नाही.

जुने सिनेमे ऑनलाइन शोधले तर चेहरे धुरकट, आवाज खरखरीत, गाणी कापलेली. चांगल्या प्रिंट का नाहीत आपल्याकडे? चीड येते! (वाचक, कोल्हापूर)

मला पण येते. पण कारण ऐकलं तर चिडीपेक्षा हळहळ जास्त वाटेल. त्या काळची फिल्म नायट्रेटची असायची, ती पटकन पेट घेते आणि नीट नाही ठेवली तर आपली आपण सडते. वर त्या फिल्ममध्ये चांदीचा अंश असतो, मग जुना सिनेमा कमाईचा राहिला नाही की लोक रिळं भंगारात देऊन चांदी काढून घ्यायचे. म्हणजे एखाद्या सिनेमाचे पैंजण झाले असतील कुणाच्या तरी पायात! ‘आलम आरा’, आपला पहिला बोलपट, १९३१ चा, त्याची एकही प्रिंट उरलेली नाही. फाळक्यांच्या १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’चे पण तुकडेच हाताशी आहेत.

पुण्यात १९६४ ला राष्ट्रीय फिल्म संग्रहालय झालं म्हणून निदान एवढं तरी वाचलं, आणि त्यात पी. के. नायर या माणसाचा वाटा फार मोठा, गावोगाव फिरून रिळं गोळा करायचे. पण तिथल्या नायट्रेटच्या साठ्याला जानेवारी २००३ मध्ये आग लागली आणि प्रभातच्या काळातलं बरंच काही गेलं. तेव्हा धुरकट का होईना जिजाई दिसतेय (आली बघा परत) यातच मी खूश असते. गाणी कापण्याबद्दल मात्र तुमच्याशी शंभर टक्के सहमत, त्याला काही माफी नाही.

‘मारुती कांबळेचं काय झालं?’ हे मीम सारखं बघतो, मूळ कुठलं आहे? (कॉलेज वाचक, लातूर)

‘सामना’. लेखक विजय तेंडुलकर, दिग्दर्शक जब्बार पटेल, १९७५ ला बर्लिनच्या महोत्सवात गेलेला. साखर कारखान्याचा सर्वेसर्वा हिंदूराव म्हणजे निळू फुले, आणि एक दारुडा मास्तर म्हणजे डॉ. लागू, जो एकच प्रश्न धरून बसतो. मीम बघून हसलास ते ठीक, पण एकदा पूर्ण बघ आणि निळूभाऊंचं बोलणं ऐक. ओरडत नाहीत, धमकी पण देत नाहीत, पाहुणचार करतात, आणि त्या पाहुणचाराचीच भीती वाटते. तू लातूरचा आहेस म्हणजे असा एखादा हिंदूराव तू बघितलेला असणारच, नाव नको लिहूस मला.

ताई, आम्ही डॅलसला असतो. सासरे सहा महिन्यांसाठी आलेत, वय ८३, मुलं १० आणि १४. तिघांना एकत्र बसवेल असा एक जुना सिनेमा सांगा, मुलांचं मराठी यथातथाच आहे. (सून, डॅलस)

संतपट नको, तमाशापट नको, ‘सामना’ तर अजिबात नको. ‘लाखाची गोष्ट’ लावा. १९५२ चा, राजा परांजप्यांचा, गाणी गदिमा आणि सुधीर फडक्यांची. मुलीचा श्रीमंत बाप होणाऱ्या जावयाला म्हणतो की हे घे एक लाख रुपये आणि महिन्याभरात खर्च करून दाखव. एवढं मुलांना सांगितलं की बास, भाषा नाही कळली तरी चालतं, कारण पैसे संपवायची धडपड डोळ्यांनीच कळते. फक्त त्यांना आधी सांगा की तेव्हाचा लाख म्हणजे आजचे खूपच, नाहीतर ती म्हणतील एका लाखात काय, आयफोन पण येत नाही. ‘त्या तिथे पलीकडे तिकडे’ आलं की सासऱ्यांकडे बघा, बहुतेक गुणगुणतील. मुलं पहिली दहा मिनिटं कुरकुर करतील, तेवढा वेळ पॉपकॉर्न हातात द्या आणि फोन काढून घ्या, स्वतःचा पण. मग कळवा आधी कोण झोपलं ते, माझी पैज तुमच्या नवऱ्यावर.