गाडी मागे नको, पुढे हवी

चि. पोरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

आई सायकलवर पुढे आणि तुम्ही सगळे कॅम्परमधून, म्हणजे झोपायची-रांधायची सोय असलेल्या गाडीतून, हळूहळू तिच्या मागे, इंदूर ते पुणे, असं तू लिहिलंस. त्यातलं 'मागे' तेवढं काढून टाक. बाकीचा बेत चांगला आहे.

आग्रा-मुंबई रस्त्यावर ताशी अठरा किलोमीटरनं सरकणारी उंच गाडी म्हणजे अपघाताला आमंत्रण. मागून ऐंशीनं येणाऱ्या ट्रकवाल्याला ती उभी आहे की चालतेय, हे कळायलाच वेळ लागतो. कळलं की तो घाईनं बाजू काढतो आणि ओव्हरटेक करून पुन्हा डावीकडे येतो. तिथं तुझी आई असते. ती त्याला आधी दिसलेलीच नसते, कारण मध्ये तुम्ही होतात.

ही कल्पना तुम्ही 'रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका'च्या व्हिडिओंवरून उचलली, हे मला ठाऊक आहे. अमेरिका या टोकापासून त्या टोकापर्यंत सायकलनं ओलांडायची ती शर्यत मोठीच आहे, जवळपास 4,800 किलोमीटरची. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी ती 2015 मध्ये दोघांचा संघ म्हणून पूर्ण केली. 2017 मध्ये श्रीनिवास गोकुळनाथ आणि आपल्या शेजारच्या नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकेकट्यानं पूर्ण केली. तिथं रात्री गाडीनं सायकलच्या थेट मागे राहायचं असा नियमच आहे, कारण शर्यत रात्रीही थांबत नाही. तुझ्या आईला कुणाशी शर्यत लावायची नाही. रात्री सायकल चालवायचीच नाही असं ठरवा, म्हणजे मागे राहायचं कारणही उरत नाही. डिसेंबरात आपल्याकडे सुमारे पावणेअकरा तास उजेड असतो. रोजच्या ऐंशी-शंभर किलोमीटरला तो भरपूर झाला.

तेव्हा पद्धत अशी. गाडीनं वीस किलोमीटर पुढे जाऊन थांबायचं. आईला तासाभरापेक्षा थोडं जास्त लागेल, तुम्हाला पंचवीस मिनिटं. मधला वेळ तुमचा. आजींना पाय मोकळे करू दे, चहा टाक, धाकट्याला अभ्यासाला बसव (बसला तर). दुपारनंतर ती दमेल तसे वीसाचे बारा करा. वेळ वाचतोय म्हणून वीसाचे तीस मात्र कधी करू नका.

थांबायचं ते पुण्याकडे जाणाऱ्या बाजूलाच. पलीकडच्या ढाब्यावर पोहे कितीही वाफाळते दिसोत, दमलेल्या माणसाला ट्रकच्या वेगाचा अंदाज येत नाही, आणि तिला सायकल घेऊन डिव्हायडर ओलांडायला लावू नये. रस्त्याकडेच्या पट्टीवरही गाडी लावायची नाही, ती पट्टी आईची. ढाब्याच्या अंगणात किंवा पेट्रोल पंपावर, पण रस्त्यावरून दिसेल अशी लावा. मागच्या दाराला एखादी भडक केशरी ओढणी बांध. लांबून ओळख पटते.

मोबाइलच्या लाइव्ह लोकेशनवर फार विसंबू नकोस. घाटात रेंज जाते आणि तिची बॅटरी दुपारीच मान टाकते. निघताना पुढचे दोन थांबे तोंडी ठरवायचे, आणि एकदा ठरले की बदलायचे नाहीत, अगदी चांगली सावली सापडली तरी. ठरल्या वेळेपेक्षा पाऊण तास उशीर झाला तर गाडीनं मागे शोधायला जायचं, पण एकानं त्या थांब्यावर उभंच राहायचं. नाहीतर दुभागलेल्या रस्त्यावर तुम्ही परतीच्या बाजूनं निघून जाल आणि ती इकडून पुढे निघून जाईल. मग दिवसभर एकमेकांना शोधत बसा.

आता आईबद्दल. तिनं 200 आणि 300 किलोमीटरच्या बीआरएम, म्हणजे ठरल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेऱ्या, केल्या आहेत, साडेतेरा आणि वीस तासांच्या मर्यादेतल्या. तिथं गाडीची मदत फक्त कंट्रोलवर, म्हणजे वाटेतल्या ठरलेल्या नोंदणीच्या ठिकाणीच, चालते, मधल्या रस्त्यात घरच्यांनी पाण्याची बाटली दिली तरी नियमभंग होतो. म्हणजे पंक्चर, खाणंपिणं, वेळेचं गणित हे सगळं तिचं तिला येतं. तुम्ही सोबत आहात म्हणून ते तिच्या हातातून काढून घेऊ नका. दोन ट्यूब, पंप, टायर काढायचे लिव्हर, दोन बाटल्या, खिशात खायला काहीतरी आणि थोडी रोकड तिच्या सायकलवरच हवी. कॅम्परचा क्लच गेला तर तिला एकटीनं पुढचं गाव गाठता आलं पाहिजे.

घाटांचं मी जरा जास्तच सांगणार आहे. इंदूर पठारावर आहे, साधारण 550 मीटरवर. मानपूरनंतर रस्ता निमाडात, म्हणजे नर्मदेच्या खोऱ्यात, उतरतो, खलघाटला नर्मदा लागेपर्यंत तीनशे मीटरहून जास्त खाली. याच उतारावरच्या गणेश घाटात ब्रेक गेलेल्या ट्रकांच्या बातम्या वाचल्या नाहीत असा इंदूरकर नसेल. उतारावर ब्रेक सतत दाबून धरला की तो तापतो, आणि तापला की धरत नाही. भरलेल्या ट्रकचं हेच आणि रिम-ब्रेकच्या सायकलचंही हेच. इथं माझं मत स्पष्ट आहे: घाटाच्या डोक्यावर थांबा, सायकल गाडीत घाला आणि खाली जाऊन परत काढा. आई चिडेल. चिडू दे. सेंधव्याच्या पुढे बिजासन घाटातही तसंच करा. देवीचं दर्शन घेऊन उतरा, म्हणजे आजींचीही कुरकुर नाही. आणि खाली उतरल्या उतरल्या रस्त्याला लागून असलेल्या पहिल्या हॉटेलाशी थांबू नका. 2023 च्या जुलैत पळासनेरला ब्रेक निकामी झालेला कंटेनर असाच एका हॉटेलात घुसला आणि माणसं गेली. चार-पाच किलोमीटर सपाटीवर आल्यावर गाडी लावा.

चढाला हे काही नको. चांदवडचा चढ तिला तिच्या गतीनं चढू दे. खिडकीतून 'शाब्बास, शाब्बास' ओरडू नका. चढावर माणसाला श्वास पुरत नसतो, तेवढ्यात हसून उत्तर द्यायचं म्हणजे शिक्षा.

ही सहल तुमचीही आहे, हे मी मुद्दाम लिहितोय. तुझ्या बेतात सकाळी सहा ते संध्याकाळी सहा फक्त आईची वाट बघणं आहे. दोन दिवसांत धाकटा कंटाळेल, तिसऱ्या दिवशी बाबा, आणि त्यांचा कंटाळा आईला सायकलवरही कळेल. मग ती तुमच्यासाठी घाई करायला लागेल. म्हणून पहिला मुक्काम महेश्वरला ठेव. धामनोदहून थोडी वाकडी वाट, पण नर्मदेचा घाट, अहिल्याबाईंचा वाडा आणि रेहवा सोसायटीचे माग आजींना निवांत बघता येतील. ही संस्था 1979 पासून महेश्वरी साड्या विणते. पुढे चांदवडला अहिल्याबाईंचाच रंगमहाल आहे आणि रेणुकादेवीचं देऊळ. आई मालेगावहून निघाली की तिला वाटेत एकच थांबा द्या आणि तिथून तुम्ही थेट तिकडे जा. इंदूरच्या माणसाला हा रस्ता माहेरच्यासारखा आहे, होळकर सारखे भेटत राहतात. संध्याकाळी आईकडेही सांगायला काहीतरी असेल आणि तुमच्याकडेही.

खाण्याचं फार शास्त्र करू नकोस. सायकलवर असताना तासाला 30 ते 60 ग्रॅम कर्बोदकं लागतात, म्हणजे साधारण दोन केळी. केळ्यांचा कंटाळा येतो, तेव्हा दशम्या, मीठ लावलेले उकडलेले बटाटे, गूळपोळी आलटून पालटून दे. इंदूरच्या सराफा बाजारातली जिलबी निघायच्या आदल्या रात्रीपुरती. पाण्याच्या बाबतीत काळजी घे: निमाडात डिसेंबरातही दुपारी ऊन लागतं, आणि नुसतं साधं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं मीठ पातळ होतं. एका बाटलीत पाणी, दुसरीत ओआरएस. पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात कालव, अंदाजानं नको.

आता सगळ्यात अवघड काम. 'आज पुरे, गाडीत बस' हे कोण म्हणणार, ते निघण्याआधी आईच्या समोर ठरवा. बाबांना ते देऊ नका, ते पहिल्याच दिवशी म्हणतील. तू घे. आणि 'दमली' हे कारण धरू नकोस, दमायलाच ती निघालीय. ती खायचं नाकारायला लागली, तोच प्रश्न दोनदा विचारला, सरळ रेषेत चालवेना, किंवा ऊन असून थंडी वाजते म्हणाली, तर चर्चा नाही. सायकल गाडीवर. थांबली तिथल्या किलोमीटरच्या दगडाचा फोटो काढ आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच सुरू करा. असं ठरलेलं असलं की बसताना तिला जड जात नाही.

बाबांवरही नजर ठेव. हळू, थांबत-थांबत चालवणं सरळ प्रवासापेक्षा जास्त दमवतं. रात्री सगळ्यांत आधी त्यांनी झोपायचं, आवराआवर तू आणि धाकट्यानं करायची. आईचे सायकलचे कपडे रोज धुऊन पूर्ण वाळले पाहिजेत, ओलसर चड्डीनं दोन दिवसांत जांघेत जखमा होतात. कॅम्परच्या आत एक दोरी बांधून घे.

भाड्याच्या गाडीला महाराष्ट्राचा परवाना आणि कर भरल्याची पावती आहे का, हे मालकाच्या तोंडी शब्दावर सोडू नकोस, कागद बघ. गाडी हलायच्या आधी गॅसचा रेग्युलेटर बंद. आणि आईच्या सायकलला बारीक फ्रेंच व्हॉल्व्ह आहे, पेट्रोल पंपावरची हवा त्यात थेट भरता येत नाही. पितळी अ‍ॅडॉप्टर लागतो. माझ्याकडे दोन पडून आहेत. रविवारी सकाळी धाकट्याला पाठव, उभा पंपही त्याच्याबरोबर देतो, पुण्याहून आल्यावर परत कर.

आजींना नमस्कार.

तुझा,
काका